मदत हवी आहे: आइस हॉकी स्केटचं पातं बाकावरच बदलता येईल असं लॉक

नमस्कार मंडळी,

मी कॅनडात, ब्रॅम्प्टनला असतो. पोटापाण्यासाठी मशीन डिझाइन करतो. मुलगी इथल्या मुलींच्या हॉकी संघात खेळते आणि सामन्याच्या वेळी बाकामागे उभं राहून सगळ्यांचं सामान बघायचं काम माझ्याकडे असतं. इथे टूलरूम, फिक्श्चर, मोल्डिंगमधली बरीच मंडळी आहेत, म्हणून हा धागा काढतोय.

स्केटचं पातं साधारण ३ मिमी जाड असतं आणि त्याच्या तळाला खोलगट धार काढलेली असते. त्यामुळे दोन्ही बाजूंना एकेक कड तयार होते आणि खेळाडू त्या कडेवर वळतो, थांबतो. गोलच्या खांबावर किंवा दुसऱ्या कुणाच्या पात्यावर पाय पडला की कड मोडते. मग पाय सरकतो आणि मूल पडतं. जुन्या होल्डरमध्ये (पातं धरणारा, बुटाखालचा दोन खांबांचा भाग) पातं बोल्टने आवळलेलं असतं, म्हणजे स्केट काढा, आतला सोल उचला, लांब पान्याने नट सोडवा. तोवर ती मुलगी बाहेर बसून राहते, आणि लहान मुलांच्या सामन्यात तेवढा वेळ फार मोठा असतो.

झटपट बदलायच्या पद्धती बाजारात आहेत. बाउअर कंपनीच्या टूक एज होल्डरमध्ये मागच्या खांबात खटका असतो, सीसीएम कंपनीच्या एक्सएस होल्डरमध्ये फिरवायची चकती असते. दोन्ही कल्पना मला आवडतात. पण एका कंपनीचं पातं दुसरीच्या होल्डरमध्ये बसत नाही आणि आमच्या संघात तऱ्हेतऱ्हेचे जुने बूट आहेत. स्केटदुरुस्तीचं दुकान असलेला एक मित्र आणि मी मिळून कुठल्याही बुटाला रिव्हेट करता येईल असा एकच होल्डर करतोय, म्हणजे मापानुसार तयार पात्यांचा एकच साठा संघाला पुरेल.

रचना अशी: पात्याच्या पुढच्या टोकाला आकडा, तो होल्डरमध्ये अडकतो. मागच्या आकड्याला एक पाचर वर आणि मागे ओढते. आडवा जोर खाचेच्या भिंती घेतात, लॉकवर तो येतच नाही. लॉकने फक्त पातं खाली पडू द्यायचं नाही आणि लांबीत हलू द्यायचं नाही.

अडलंय ते तापमानापाशी. होल्डर नायलॉनचा, पातं स्टीलचं. घरात २२ अंश, बर्फावर उणे ६, म्हणजे २८ अंशांचा फरक. २८० मिमी लांबीवर साधं नायलॉन (प्रसरणांक अंशाला ८०×१०⁻⁶ धरून) साधारण ०.६३ मिमी आकसतं, स्टील (१०×१०⁻⁶) जेमतेम ०.०८ मिमी. होल्डरचे दोन खांब जवळ येतात आणि पात्यावरचा ताण उतरतो. टेबलावर घट्ट वाटलेलं लॉक बर्फावर, नेमकं हवं तेव्हा सैल पडणार.

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. हा अर्धा मिमी कशाने भरून काढावा? आणि पाचरीचा कोन किती ठेवावा? ओल्या नायलॉन-स्टीलचं घर्षण ०.१ धरलं तर आपोआप अडकून राहायला कोन ५.७ अंशांच्या आत हवा, पण तेवढ्या कोनात ती निघेनाशी होईल अशी भीती वाटते. हातमोजे घातलेल्या माणसाला अवजाराशिवाय सोडवता आलं पाहिजे.

प्रतिसाद १

भोसरीत व्हीएमसीच्या (संगणकावर चालणारं उभं मिलिंग मशीन) स्पिंडलचं, म्हणजे टूल धरून फिरणाऱ्या दांड्याचं, मेंटेनन्स करतो. तुम्ही एकाच पाचरीकडून दोन कामं मागताय: जागेवर बसवणं आणि धरून ठेवणं. ती वेगळी करा. ड्रिल मशीनमधला मोर्स टेपर (टूलचा अगदी कमी उताराचा निमुळता दांडा) स्वतःच अडकतो, म्हणून काढायला ड्रिफ्ट, म्हणजे चपटी पाचर, ठोकावा लागतो. व्हीएमसीच्या बीटी-४० टूलहोल्डरचा टेपर ७/२४, बराच उतरता. तो स्वतः अडकत नाही, फक्त टूल नेमकं बसवतो. धरायचं काम ड्रॉबारवरच्या (टूल मागून ओढणारी दांडी) डिस्क स्प्रिंगचं, म्हणजे बशीसारख्या चकत्यांच्या स्प्रिंगचं. हवा गेली, लाइट गेली तरी टूल सुटत नाही, कारण जोर फक्त सोडवायला लागतो. तुमच्याकडेही आकड्याची बैठक उतरती ठेवा आणि मागून डिस्क स्प्रिंगच्या चळतीने ओढा. चकत्या आलटूनपालटून उलटसुलट रचल्या की हालचाल वाढते, अर्धा मिमी सहज भरून निघेल. स्प्रिंग स्टेनलेसच्याच घ्या.

प्रतिसाद २

आधी मटेरियल बदला. ३० टक्के ग्लास भरलेलं नायलॉन ६६ घेतलंत तर प्रवाहाच्या दिशेत प्रसरण २८×१०⁻⁶ च्या आसपास येतं. मग तुमच्या हिशेबातला फरक ०.१४ मिमीवर येईल. मात्र गेट (साच्यात प्लास्टिक शिरायची जागा) टोकाला ठेवा, म्हणजे तंतू लांबीच्या दिशेने जातील. आडव्या दिशेत आकसणं बरंच जास्त असतं. नायलॉन पाणीही पितं आणि फुगतं, त्यामुळे खाचेचं माप कोरड्या तुकड्यावर ठरवू नका. आणि आकडा जिथे टेकतो तिथे स्टीलचा इन्सर्ट टाका, प्लास्टिक तिथे हमखास झिजेल.

अवजाराशिवाय हवं हा हट्ट मात्र सोडा असं माझं मत. चावी प्रशिक्षकाकडे राहू द्या. पातं उशिरा बदललं तर बर्फावर उतरायची एक खेप चुकेल, पण धावताना सुटलं तर मूल मैदानाच्या कडेच्या फळीवर आदळेल.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. स्प्रिंगने धरायचं आणि जोर लावून सोडवायचं, हेच घेतो. ग्लास भरलेल्या नायलॉनचा नमुना मागवतोय.

चावीबद्दल तुमची काळजी पटते, पण चावी नेमकी त्याच दिवशी घरी राहते हे मी दुसऱ्या संघांत पाहिलंय. म्हणून खटका मागच्या खांबाच्या पुढच्या तोंडात, आत दडवून ठेवतो. तिथे १७० ग्रॅमचा पक (हॉकीची रबरी चकती) थेट लागणं अवघड. आधी आत दाबायचं आणि दाबलेलं असतानाच खाली ओढायचं, अशा दोन हालचाली केल्याशिवाय सुटणार नाही. लॉक पूर्ण बसलं नसेल तर लाल पट्टी दिसत राहील, म्हणजे बाकावरून नुसती नजर टाकून कळेल.

आता राहिलं पाणी. बर्फाचा चुरा चळतीत शिरून तिथेच गोठला तर खटका हलणार नाही. खालून निचऱ्याचं भोक ठेवावं की पूर्ण बंद करून ग्रीस भरावं? उणे १० अंशांतही घट्ट न होणारं ग्रीस कुणी वापरलं असेल तर प्रकार सांगा. शीतगृहाच्या कन्व्हेयरवर काम केलेलं कुणी इथे आहे का?