मदत हवी आहे: ऑब्लिव्हियनमध्ये लेव्हल २१ ला पोचलो आणि क्वाचच्या गेटमध्ये एक ड्रेमोरा मरत नाही

उडता_बोका
लोकहो, डोकं फिरायची वेळ आली आहे. ऑब्लिव्हियन गेममधलं माझं कॅरेक्टर लेव्हल २१, क्वाच शहरापुढच्या गेटच्या, म्हणजे राक्षसांच्या जगात जायच्या दाराच्या, आत आहे. एकेका ड्रेमोराला (तिथला राक्षस योद्धा) मारायला आठ-दहा मिनिटं लागतात, तोवर माझ्या औषधाच्या बाटल्या संपतात. लेव्हल ५ ला हाच बोका दोन फटक्यांत गुहा साफ करायचा. लेव्हल वाढली की माणूस ताकदवान होतो ही आरपीजीची (रोल-प्लेइंग गेमची) साधी अट. इथे उलटं. परवा रस्त्यात एका लुटारूने अडवलं. अंगावर अख्खं ग्लास आर्मर, म्हणजे महागडं चिलखत, आणि मागतोय काय तर १०० सोन्याची नाणी! ते आर्मर विकलं असतं तर गावात घर आलं असतं त्याचं.
मला फक्त गेट बंद करायचं आहे. काय करू? कृपया लवकर सांगा, शनिवार-रविवार हातचा जाईल.

जुना_कंट्रोलर
कुठलं ऑब्लिव्हियन? २००६ चं की एप्रिल २०२५ मध्ये आलेलं रीमास्टर, म्हणजे नव्याने सजवलेली आवृत्ती? दोन्हींत लेव्हलचं गणित वेगळं आहे. हे न सांगता मदत मागणं म्हणजे डॉक्टरला फोनवर "दुखतंय" एवढंच सांगणं.

ससेमिरा
सोप्पंय. कीबोर्डवरची टिल्डेची (~) की दाबा, टीजीएम ही चीट टाइप करा, एंटर. अमर व्हाल. गेट बंद करा, परत टीजीएम टाकून बंद करा. दोन मिनिटांचं काम.

फ्रेमरेट_दादा
रीमास्टर असेल तर आधी एसएसडीवर टाका. मूळ इंजिनावर अनरियल ५ या दुसऱ्या इंजिनाचं चित्रण चढवलंय, त्यामुळे मोकळ्या मैदानात पळताना अडकत चालतं. लुमेनची (प्रकाशाची) सेटिंग हार्डवेअरवरून सॉफ्टवेअरवर आणा, सावल्या मध्यम, डीएलएसएस क्वालिटीवर. ड्रायव्हर बदलल्यावर शेडर पुन्हा तयार होतात, तेवढा वेळ थांबायचं, मधे गेम बंद करायचा नाही.

उडता_बोका
@फ्रेमरेट_दादा, गेम अडकत नाहीये हो. मी अडकलोय.
@जुना_कंट्रोलर, मूळ २००६ चं. @ससेमिरा, एक्सबॉक्सवर खेळतो, जुनी ३६० ची डिस्क. तिथे कसला टिल्डे.

ससेमिरा
हे आधी लिहायचं ना राव.

लोहारकाम
आता नीट माहिती द्या. हे सगळं एकदम हवंय:
वंश आणि क्लास. क्लास स्वतः बनवला असेल तर सातही मेजर (लेव्हल ठरवणारी मुख्य) स्किल आणि त्यांचे आत्ताचे आकडे. एन्ड्युरन्स (चिवटपणा) किती, हेल्थ किती. अवघडपणाचा स्लायडर कुठे आहे. हातात कुठली तलवार आणि तिची अवस्था किती. शेवटचा प्रश्न कोणीच विचारत नाही आणि निम्म्या वेळा दुखणं तिथेच असतं.

उडता_बोका
खजीत, म्हणजे मांजरवंशी. क्लास स्वतः बनवलेला, स्पेशलायझेशन स्टेल्थ. मेजर: ॲक्रोबॅटिक्स ८८, ॲथलेटिक्स ७४, स्नीक ६६, अल्केमी ६१, स्पीचक्राफ्ट ४८, ब्लेड ४२, मर्कंटाइल ४१. एन्ड्युरन्स ४६, हेल्थ १६० च्या घरात. स्लायडर बरोबर मध्ये, हात लावला नाही. तलवार जादूची आहे, चांगली आहे. अवस्था बघायला लागेल.

जुना_कंट्रोलर
झालं की मग निदान. ८८ ॲक्रोबॅटिक्स! बोकेभाऊ, तुम्ही उड्या मारून लेव्हल २१ ला पोचलात.
या गेममध्ये सात मेजर स्किलमधली कुठलीही मिळून १० वाढली की पलंगावर झोपल्यावर लेव्हल वाढते. स्किल लढाईचं आहे की बागडण्याचं, हे गेम बघत नाही. तुमचे आकडे मांडा: खजीत, स्टेल्थ, या सात मेजरची सुरुवातीची बेरीज २२०. आत्ताची ४२०. म्हणजे २०० वाढ, म्हणजे २० लेव्हल. त्यातली ब्लेडची वाढ किती? ३० वरून ४२. बारा. राहिलेली १८८ उड्या, पळणं, लपणं, गप्पा, घासाघीस आणि खलबत्ता.
ड्रेमोरा मात्र तुमची लेव्हल बघून येतो. त्याला वाटतं समोर २१ व्या लेव्हलचा योद्धा आहे. समोर आहे २१ व्या लेव्हलचा डोंबारी.

विषप्रयोग
डोंबारी 😂
पण अल्केमी ६१ असताना रडताय कशाला? ज्या गेटमध्ये उभे आहात तिथेच औषधाचं दुकान उघडं आहे. हराडा आणि स्पिडल स्टिक, दोन्ही तिथेच उगवतात. हराडा जवळ गेलं की फटके मारतो, स्पिडल धूर सोडते, तेव्हा तोडून लगेच मागे व्हायचं. दोघांचा पहिला गुण डॅमेज हेल्थ, दुसरा डॅमेज मॅजिका. खलबत्ता एवढंच उपकरण असलं तरी विष होतं. हातात शस्त्र घेऊन यादीतून विष वापरलं की ते पात्याला लागतं. लक्षात ठेवा, एका फटक्यापुरतंच. म्हणून आधी लपून पहिला वार विषाचा करायचा, मग मागे सरून पुन्हा लावायचं. धावपळीत हवेत तलवार फिरवू नका.
बाहेर आलात की नाइटशेडही गोळा करा, त्याचाही पहिला गुण डॅमेज हेल्थच. अल्केमी ७५ झाली की हराडाचा चौथा गुण उघडतो, पॅरलाइझ. तेव्हा मजा बघा.

लोहारकाम
विष ठीक, पण @उडता_बोका, तलवारीची अवस्था??

उडता_बोका
बघितली. १९ टक्के दाखवतोय. पण तुटलेली नाहीये ना, चालतेय की.

लोहारकाम
म्हटलं ना! इथे प्रत्येक फटका लागतो, पण फटक्याचा जोर चार गोष्टींवर ठरतो: ब्लेड स्किल, स्ट्रेंग्थ, शस्त्राची अवस्था आणि तुमचा फटीग, म्हणजे अंगातला दम. १९ टक्क्यांची तलवार म्हणजे बोथट सुरी. अवस्था शून्य झाली की हातातून जाते, त्याच्या आधी ती चूपचाप निकामी होत असते.
आणि जादूचं शस्त्र स्वतः ठोकून नीट करायला आर्मरर (दुरुस्तीचं स्किल) ५० लागतं. तुमच्या मेजरमध्ये आर्मरर नाही, म्हणजे ते विशीत असणार. पोतंभर हातोडे घेतले तरी ही तलवार तुमच्याच्याने दुरुस्त होणार नाही. लोहाराकडेच न्यायची.
लोहार लांब नाही. आलात त्याच गेटने बाहेर पडता येतं, गेट चालू ठेवणारा सिगिल स्टोन उचलेपर्यंत ते उघडंच असतं. टेकडी उतरून क्वाचच्या निर्वासितांच्या छावणीत जा, तिथे बातुल ग्रा-शारोब नावाची ऑर्क लोहारीण आहे. ती दुरुस्त करून देते. पैसे द्या, १०० टक्के करून घ्या. आर्मरर ७५ असतं तर १२५ टक्क्यांपर्यंत नेता आलं असतं, ते पुढच्या जन्मी.
आणखी एक. लढताना उड्या मारता का?

उडता_बोका
मारतो. सवय आहे. वार चुकवायला.

लोहारकाम
बंद करा. प्रत्येक उडी फटीग खाते आणि फटीग कमी असला की तुमचा वारही मरतो. म्हणजे बोथट तलवार, दमलेला हात आणि ब्लेड ४२. तो ड्रेमोरा हसत असेल.

अर्धा_एल्फ
मूळ मुद्दा बाजूलाच राहतोय. दोष धागाकर्त्याचा नाहीच, या पद्धतीचा आहे. शत्रूला खेळाडूच्या लेव्हलला बांधलं की लेव्हल या कल्पनेला अर्थच उरत नाही. २००१ च्या गॉथिक या गेममध्ये जंगलातला लांडगा लांडगाच. आज त्याने फाडलं तर महिन्याने येऊन तुम्ही त्याला फाडायचं, हाच तर आनंद. याच मालिकेतल्या आधीच्या मॉरोविंडमध्येही बरंचसं जग स्थिर होतं. ऑब्लिव्हियनमध्ये जगच तुमच्यामागे शिडी घेऊन चढतं.

जुना_कंट्रोलर
@अर्धा_एल्फ, अर्धंच सांगताय. मॉरोविंडमध्ये सुरुवातीला खेकड्यावर दहा वार केले तर सात हवेत जायचे, कारण वार लागणं हेच स्किल, ॲजिलिटी, लक आणि फटीगवर ठरायचं. तेही लोकांना नकोच होतं. आणि जग स्थिर ठेवलं तर कुठूनही कुठेही जायची मोकळीक जाते. क्वाच पाचव्या लेव्हलला करा किंवा पंचविसाव्या, दोन्हीकडे ते लढाईसारखं वाटावं, हा हेतू होता. हेतू बरा, हिशोब चुकला. मालिकेतल्या पुढच्या स्कायरिमने २०११ मध्ये त्यातून वाट काढली: बऱ्याच गुहांना किमान-कमाल मर्यादा, आणि पहिल्यांदा पाय ठेवाल तेव्हाची लेव्हल तिथे गोठते. परत मोठे होऊन आलात तर फरक कळतो.

अर्धा_एल्फ
गोठते हो, पण लेव्हल वाढली की त्याच ड्रॉगरचा (तिथलं जिवंत मढं) मोठा भाऊ येतो, नाव बदलून आणि जास्त हेल्थ घेऊन. याला वाट काढणं म्हणत नाहीत. ऑब्लिव्हियनसाठी एकच उपाय, ऑस्क्युरोचा ओव्हरहॉल मॉड, म्हणजे चाहत्याने गेममध्ये केलेला बदल. शत्रू आपल्या जागी, लूट आपल्या जागी. चालू सेव्हवर मात्र घालू नये, नवा गेम सुरू करायचा.

ससेमिरा
एक्सबॉक्स ३६० वर मॉड घालायची युक्तीही सांगा आता. मला हाणलं होतं ना सगळ्यांनी.

उडता_बोका
भांडा नंतर. लोहारिणीकडे जाऊन आलो, फरक आहे. आता ड्रेमोरा दोन-अडीच मिनिटांत. पण तो दोन पायांवर पळत येणारा सरड्यासारखा प्राणी, त्याला मारलं की माझीच हेल्थ कमी होते. बग आहे का?

विषप्रयोग
क्लॅनफिअर. बग नाही, त्याच्याकडे रिफ्लेक्ट डॅमेज आहे. तलवारीच्या फटक्याचा काही हिस्सा उलटून तुम्हालाच लागतो. त्याला विषाने किंवा जादूने संपवायचं. विजेचे स्क्रोल असतील तर ते ड्रेमोरांसाठी ठेवा. ड्रेमोराला आग फारशी लागत नाही, वीज झोंबते.

मधलीसुट्टी
सगळ्यांना मारायचंय कशाला? गेट बंद करायला फक्त वरचा सिगिल स्टोन उचलायचा असतो. ॲथलेटिक्स ७४ आहे, पळा. याच कामासाठी वाढवलंय समजा.
क्वाचच्या गेटमध्ये एकच अडथळा: मुख्य मनोऱ्याच्या वरच्या दालनाला कुलूप. किल्ली सिगिल कीपरकडे (स्टोनचा राखणदार). पुलावरून बाजूच्या बुरुजात जायचं, तिथे पिंजऱ्यात मेनियन गोनेल्ड नावाचा शिपाई ओरडत असतो, कीपर तिथेच. तेवढा एक मारावा लागेल, त्याच्यासाठी विष राखून ठेवा. मग किल्ली घेऊन पुलावरून परत आणि थेट वर. मागे कितीही जण लागले तरी स्टोन उचलला की आपोआप बाहेर फेकले जाता.
आणि उचलायच्या आधी सेव्ह करा! स्टोनमध्ये काय निघेल ते उचलताना ठरतं. लेव्हल १७ नंतर सगळ्यात वरच्या दर्जाचे, ट्रान्सेंडेंट स्टोन मिळतात. उशिरा आल्याचा तुमचा एवढा एक फायदा. प्रत्येक स्टोनला दोन गुण असतात, एक शस्त्रासाठी, एक कपड्या-चिलखतासाठी. विजेचा निघेपर्यंत लोड करा आणि बिनजादूच्या चांदीच्या तलवारीला लावा. त्याला गेममधल्या जादूच्या विद्यापीठातली वेदी वगैरे लागत नाही.

जुना_कंट्रोलर
हे बरोबर. आणि कंटाळा आलाच तर स्लायडर. ऑप्शन्स, गेमप्ले, डिफिकल्टी. पूर्ण डावीकडे तुमचा फटका सहापट, त्यांचा एक षष्ठांश. पूर्ण उजवीकडे याच्या बरोब्बर उलट. जरासा डावीकडे सरकवला तरी पुरे. लाज वाटून घेऊ नका, सोय दिली आहे ती वापरायलाच.

अर्धा_एल्फ
म्हणजे हिशोब चुकल्याची भरपाई खेळाडूने स्लायडरने करायची.

जुना_कंट्रोलर
हो. तुमच्याकडे दुसरी डिस्क आहे का?

लोहारकाम
पुढच्यासाठी @उडता_बोका: आता सारखे झोपू नका. झोप नाही तर लेव्हल नाही. तुमच्यासाठी आर्मरर, ब्लॉक आणि हेवी आर्मर ही मायनर स्किल आहेत, म्हणजे ती वाढली तरी लेव्हल सरकत नाही, पण एन्ड्युरन्सचा बोनस जमा होतो. दोन लेव्हलच्या मध्ये या तिघांत मिळून १० वाढ झाली की पुढच्या झोपेला एन्ड्युरन्स +५. ८ किंवा ९ ला +४, ५ ते ७ ला +३, त्याखाली +२. ढाल धरून उंदरापुढे उभं राहायचं, ब्लॉक वाढतो. साधी मोडकी हत्यारं गोळा करून हातोड्याने ठोकायची, आर्मरर वाढतं.
दर लेव्हलला हेल्थ वाढते ती एन्ड्युरन्सच्या दहाव्या हिश्श्याने, आणि मागची भरपाई मिळत नाही. तुम्ही वीस लेव्हल चार-चार हेल्थवर काढल्यात. ती गेली. पण पुढची तरी दहाच्या जवळ न्या.
ब्लेड ट्रेनरकडून वाढवता येईल, एका लेव्हलला पाच धडे, मात्र ते मेजर आहे, लेव्हलकडे मोजलं जाणार.

फ्रेमरेट_दादा
म्हणूनच म्हणत होतो रीमास्टर घ्या. तिथे हा बोनसचा हिशोब काढून टाकलाय. दर लेव्हलला १२ गुण, तीन ॲट्रिब्यूटमध्ये वाटायचे, एकात जास्तीत जास्त ५. लक वाढवायला मात्र एकाला ४ पडतात. फक्त डिस्कवर सव्वाशे जीबी जागा ठेवा.

मधलीसुट्टी
@फ्रेमरेट_दादा, पहिल्यांदाच विषयावर बोललात. स्वागत.

उडता_बोका
गेट बंद!!! कीपरला तीन विषं लागली. स्टोन चार वेळा लोड करून विजेचा घेतला. आता क्वाचच्या शिपायांचा कप्तान सॅव्हलियन मॅटियस म्हणतोय किल्ल्यात चल. आत डोकावलो, अंगणभर तसलेच. हेही करावंच लागेल का?

मधलीसुट्टी
नाही. चर्चबाहेरचा चौक साफ केला की आत मार्टिन भेटतो, ज्याच्यासाठी मुळात क्वाचला यायचं असतं, त्याला घेऊन कोरोलजवळच्या वेनन प्रायरी या मठात जॉफ्रीकडे जायचं. किल्ल्याची लढाई ऐच्छिक आहे.

लोहारकाम
आणि जायच्या आधी तलवारीची अवस्था बघा.

उडता_बोका
६१.

लोहारकाम
मग छावणीवरूनच जा.