थायरॉईड आय डिसीज: सीएएस २ की ४? रेडिओआयोडीनचा निर्णय त्यावर अडलाय

चष्मा_आणि_पलीकडे

पेशंट ४४ वर्षांच्या बाई. ग्रेव्हज (थायरॉईड जास्त चालवणारा आजार, त्यात डोळेही सुजतात) आठ महिन्यांपूर्वी कळला, थायरॉईड आवरणारी कार्बिमाझोल गोळी चालू आहे, टी३-टी४ आता नॉर्मल. सकाळी पापण्या जड, डोळे लाल, पाणी येतं, चोळावेसे वाटतात. दुहेरी दिसत नाही. हर्टेलवर (डोळा किती मिमी पुढे आलाय ते मोजणारं उपकरण) मार्चमध्ये दोन्ही डोळे १७ होते, आता उजवा १९ आणि डावा २०. पण मार्चचा बेस (उपकरणाच्या दोन टेकणांमधलं अंतर) ९८ लिहिलाय आणि या वेळचा १०३, शिवाय मोजणारी व्यक्ती वेगळी. सीएएस (डोळ्यातला दाह किती सक्रिय आहे याचे गुण) मी २ धरला, सहकाऱ्याने ४. फिजिशियन रेडिओआयोडीन (थायरॉईड ग्रंथी निकामी करणारं किरणोत्सारी आयोडीन) सुचवतायत आणि सेलेनियमची २०० मायक्रोग्रॅमची गोळी आधीच सुरू आहे. आजार सक्रिय धरायचा का? आणि रेडिओआयोडीन आत्ता दिलं तर डोळ्यांचं काय?

खोबण

बेस ९८ आणि बेस १०३ ची मापं शेजारी ठेवून ‘३ मिमी वाढ’ म्हणता येत नाही. बेस एकदा ठरला की पेशंटच्या कागदावर ठळक लिहायचा आणि पुढे कायम तोच लावायचा, शक्यतो उपकरण आणि मोजणाराही तोच.

मोजताना तुमचे आणि पेशंटचे डोळे एका पातळीत हवेत. डोळ्याच्या खोबणीच्या बाहेरच्या हाडाची कड आधी बोटाने चाचपा, डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याच्या रेषेत टेकण तिथे ठेवा, दोन्ही बाजूंना सारखाच दाब द्या. पेशंटचा उजवा डोळा मोजताना त्यांना तुमच्या डाव्या डोळ्याकडे बघायला सांगा आणि तुमचा उजवा मिटा. उपकरणातल्या दोन खुणेच्या रेषा एकावर एक आल्या की मगच कॉर्नियाचं (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक भागाचं) टोक कितीवर येतं ते वाचायचं. रेषा सरकलेल्या असताना घाईने वाचलं की एक-दोन मिमी सहज चुकतात. नोंद अशी: १९–१०३–२०. वरची पापणी ओढली गेली तर डोळा पुढे न येताही बटबटीत दिसतो, म्हणून पापण्यांमधली फट पट्टीने वेगळी मोजा.

सीएएसमध्ये सात गोष्टी, प्रत्येकीला एक गुण: आपोआप दुखणं, नजर वर-खाली-बाजूला वळवताना दुखणं, पापणी लाल, पापणीला सूज, पांढरा भाग लाल, पांढऱ्यावरच्या पडद्याला पाणी धरल्यासारखी सूज, आणि नाकाकडच्या कोपऱ्यातला मांसल कॅरंकल किंवा त्यालगतची घडी सुजलेली. ३ किंवा जास्त म्हणजे सक्रिय. तुमच्यात आणि सहकाऱ्यात फरक बहुधा दोन जागी पडला असेल. पापणीत चरबी पुढे आली असेल तर ती सूज नाही, तिला गुण नाही. आणि ‘चोळावेसे वाटतात’ हे वाचून मला आधी ॲलर्जी आठवते. वरची पापणी उलटून बघा, पॅपिले (ॲलर्जीत येणारे बारीक उंचवटे) असतील तर तो लालपणा खोबणीतल्या दाहाचा म्हणून मोजू नका. पापणी पूर्ण मिटत नसेल तर कॉर्निया कोरडा पडूनही डोळा लाल होतो. फ्लुरोसिन (कोरडी जागा दाखवणारा रंग) लावून कॉर्नियाचा खालचा तिसरा हिस्सा तपासा.

ग्रंथीवाला

खोबण यांच्याशी सहमत. सक्रियता (दाह आत्ता चालू आहे का) आणि तीव्रता (डोळ्यांचं किती बिघडलंय) हे दोन वेगळे प्रश्न आहेत, एकाच्या उत्तरावरून दुसऱ्याचं ठरवू नका. दाह शमल्यावरही डोळा पुढेच राहू शकतो. त्या टप्प्यावर स्टिरॉइड देऊन डोळा मागे जात नाही, फक्त साखर आणि रक्तदाब वाढतो.

रेडिओआयोडीनबद्दल १९९८चा इटलीतला ४४३ रुग्णांचा अभ्यास बघा. नुसतं रेडिओआयोडीन दिलेल्या १५० जणांपैकी २३ जणांचे डोळे पुढच्या दोन ते सहा महिन्यांत बिघडले. सोबत प्रेडनिसोलोनच्या कुळातली गोळी घेतलेल्या १४५ जणांत एकाचाही बिघाड नव्हता. म्हणजे सौम्य पण सक्रिय आजारात द्यायचंच असेल तर प्रेडनिसोलोनचं कवच हवं: ०.३ ते ०.५ मिग्रॅ प्रति किलो, मग सुमारे तीन महिन्यांत कमी करत बंद. मध्यम ते तीव्र सक्रिय आजार असेल तर थांबा, गोळ्यांवर थायरॉईड धरून ठेवा. आणखी एक चूक वारंवार होते. रेडिओआयोडीननंतर टीएसएच (थायरॉईड कमी पडलं की वाढणारा हार्मोन) वर जाऊ दिला जातो, आणि त्यानेही डोळे बिघडतात. दर चार ते सहा आठवड्यांनी तपासणी ठेवा आणि थायरॉक्सिन वेळेत सुरू करा.

सेलेनियमचा २०११चा युरोपियन अभ्यास सौम्य आजाराचा होता. १०० मायक्रोग्रॅम दिवसातून दोनदा, सहा महिने. एकूण डोस तोच आहे, पण तो सकाळ-संध्याकाळ विभागून द्या आणि संपण्याची तारीख चिठ्ठीवर लिहा. मल्टिव्हिटॅमिनमध्येही सेलेनियम असतं, तेही धरून बेरीज करा. तो अभ्यास सेलेनियम थोडं कमी पडणाऱ्या भागांतला होता. आपल्याकडे पंजाबातल्या काही पट्ट्यांत मातीतच ते जास्त आहे. केस गळणं, नखं ठिसूळ होणं, श्वासाला लसणाचा वास ही जास्त झाल्याची लक्षणं.

घरात बिडी-सिगारेट कोण ओढतं, हे न विसरता विचारा. पेशंट स्वतः ओढत असतील तर ती सुटणं सेलेनियमपेक्षा कितीतरी मोलाचं.

चष्मा_आणि_पलीकडे

बेस १०३ ठेवून तीन वेळा मोजलं: उजवा १९, १९, १९ आणि डावा १९, २०, १९. वरच्या पापणीखाली पॅपिले आहेत, खालच्या भागात फ्लुरोसिनचे ठिपके आहेत. उजवीकडची पापणी झोपेत एक मिमी उघडी राहते. वर बघताना दोन्ही डोळे दुखतात, सकाळची सूज खरी आहे. म्हणजे पक्के गुण २.

खोबण

मग आज २च लिहा आणि चार ते सहा आठवड्यांनी पुन्हा बघा. तोवर दिवसा प्रिझर्वेटिव्ह नसलेले अश्रूथेंब, रात्री मलम, डोक्याखाली उंच उशी. उजवी पापणी कागदी टेपने आडवी मिटवा, उभी पट्टी सुटून कॉर्नियाला लागते. ॲलर्जी निवळल्यावर लालपणा उरला तर तो मोजायचा.

सावळ्या त्वचेवर पापणीचा लालपणा नीट दिसत नाही. दिवसाच्या उजेडात गालाच्या रंगाशी ताडून बघा, नाहीतर एक गुण बुडतो.

ग्रंथीवाला

सीएएस ३ किंवा जास्त झाला आणि आजार मध्यम ते तीव्र ठरला तर ठरलेला क्रम असा: शिरेतून मिथाइलप्रेडनिसोलोन (स्टिरॉइड), आठवड्यातून एकदा ५०० मिग्रॅ सहा आठवडे, मग २५० मिग्रॅ सहा आठवडे. एकूण ४.५ ग्रॅम. बहुतेकांना जोडीला मायकोफेनोलेट (प्रतिकारशक्ती दाबणारी गोळी) देतात. एका चक्रात ८ ग्रॅमच्या पुढे जायचं नाही, कारण यकृताला गंभीर इजा झाल्याच्या नोंदी आहेत. सुरू करण्याआधी हिपॅटायटिस बी-सी, यकृताच्या चाचण्या, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), रक्तदाब, डोळ्याचा दाब, आणि आपल्याकडे टीबीची चौकशी सोडू नका. सलाईन घाईने सोडू नका, जलद दिलं तर हृदयाची लय बिघडू शकते. सहाव्या आठवड्याला काहीच फरक नसेल तर तेच पुढे ओढण्याऐवजी उपचार बदलण्याचा विचार करा.

टेप्रोटुमुमॅब या शिरेतून देण्याच्या नव्या औषधाचे २०२०चे आकडे चांगले आहेत: २४ आठवड्यांत डोळा २ मिमी किंवा जास्त मागे गेलेले ८३ टक्के, प्लासिबोवर (औषध नसलेल्या दिखाऊ उपचारावर) १० टक्के. पण तुलना प्लासिबोशी होती, स्टिरॉइडशी नाही. साखर वाढते आणि ऐकू येण्यावर परिणाम होतो, म्हणून आधी ऑडिओमेट्री (ऐकण्याची चाचणी) हवी.

खोबण

सीएएस २ म्हणजे धोका नाही असं समजू नका. खोबणीच्या टोकाशी फुगलेले स्नायू दृष्टीची नस दाबतात तेव्हा डोळा बाहेरून पांढरा आणि फारसा पुढे न आलेलाही असू शकतो. दर भेटीत प्रत्येक डोळ्याची नजर वेगळी, इशिहाराच्या (रंग ओळखण्याच्या) पाट्या, आणि लाल टोपण दोन्ही डोळ्यांना सारखंच लाल दिसतं का हे विचारा. दोन्ही नसा सारख्या दबल्या तर प्रकाशाला दोन बाहुल्यांच्या प्रतिसादातला फरक मिळत नाही, आणि डिस्क (डोळ्याच्या आत दिसणारं नसेचं टोक) नॉर्मल दिसली म्हणून नस सुरक्षित ठरत नाही. रंग फिके दिसू लागले तर कोरोनल (समोरून घेतलेले उभे) काप असलेला सीटी त्याच दिवशी, चार आठवड्यांची तारीख देऊ नका.