नाही न म्हणणारा नायक निर्दोष असतो का? 'गॉन विथ द वूमन' या नॉर्वेजियन चित्रपटावर चर्चा

मंदार (चर्चाप्रस्ताव)

'एलिंग'मुळे ऑस्करच्या नामांकनापर्यंत पोहोचलेले दिग्दर्शक पेट्टर नेस यांचा 'गॉन विथ द वूमन' (मूळ नॉर्वेजियन नाव 'टाट आव क्विनेन') हा २००७ सालचा चित्रपट एर्लेन लू यांच्या १९९३ मधील पहिल्याच कादंबरीवर आधारलेला आहे. कथानक दोन वाक्यांत सांगता येते. एका तरुणाच्या आयुष्यात मारियान नावाची मुलगी येते आणि बघता बघता त्याच्या घरी राहायलाच येते, तो होही म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही. त्याला तिची सवय होते न होते तोच ती निघून जाते आणि मग त्याला आपले तिच्यावर प्रेम असल्याचा साक्षात्कार होतो. पुढचे सांगत नाही.

या चित्रपटाचे वर्णन सर्वत्र 'दुबळा पुरुष आणि दांडगी स्त्री' असे केले जाते आणि माझा आक्षेप नेमका या वर्णनाला आहे. मारियान दांडगी वाटते, कारण आपण तिला सतत त्या पुरुषाच्या नजरेने पाहतो. दोघांच्या वाट्याचे सगळे निर्णय तिलाच घ्यावे लागतात, आणि जो निर्णय घेत नाही त्याच्याकडे तक्रार करण्याचा हक्क मात्र कायम शिल्लक राहतो. जलतरण तलावावरची दृश्ये पाहावीत. तिथे त्याला ग्लेन नावाचा एक इसम भेटतो (ही भूमिका स्वीडिश अभिनेते पीटर स्टोरमारे यांनी केली आहे) आणि पाण्यात उभ्या उभ्या स्त्रीपुरुष संबंधांवर त्याला उपदेशाचे डोस पाजतो. जिच्याबद्दल हे सगळे बोलणे चालते, ती त्या पाण्यात नसते. तिच्यासमोर मूग गिळून बसायचे आणि तिच्या मागे तिच्याविषयी सल्ले घ्यायचे, याला मी दुबळेपणा म्हणणार नाही. स्वतःला काहीही पणाला न लावता नाते चालवण्याची ती सोय आहे.

उदय

मंदार, आपली मांडणी आकर्षक आहे, पण तिच्यात पीडितालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले आहे. हीच गोष्ट उलटी करून पाहा. एखादा पुरुष एखाद्या अबोल मुलीच्या घरी न विचारता मुक्काम ठोकतो, तिच्या खोल्यांची आणि दिवसाची आखणी स्वतःच्या मर्जीने बदलतो, आणि ती नाही म्हणाली नाही एवढ्याच आधारावर तिची संमती गृहीत धरतो. यावर कोणी प्रेमविनोदी चित्रपट काढला, तर आपण त्या मुलीला 'सोय पाहणारी' म्हणाल का? गप्प राहणे म्हणजे संमती नव्हे, हे तत्त्व स्त्रियांच्या बाबतीत आपण मोठ्या कष्टाने शिकलो आहोत. ते पुरुषांना लागू करताना आपले हात का आखडतात?

ही सवलत विनोदी चित्रपटांत फार जुनी आहे. हॉवर्ड हॉक्स यांच्या १९३८ मधील 'ब्रिंगिंग अप बेबी'मध्ये कॅथरीन हेपबर्नची नायिका केरी ग्रँटच्या भोळ्या जीवाश्मतज्ज्ञाला अक्षरशः फरफटत नेते, त्याचे कपडे पळवते आणि शेवटी त्याने वर्षानुवर्षे खपून उभा केलेला डायनोसॉरचा सांगाडा कोसळवते, तरी आपण टाळ्या वाजवतो. मीही वाजवतो, हे सांगायला हरकत नाही. पण तिथे सगळाच वेडेपणा आहे, एक बिबट्याही मोकळा फिरतो आहे, त्यामुळे कोणी खरोखर दुखावले जात नाही. 'गॉन विथ द वूमन'ची घडण तशी नाही. नायक झालेल्या त्रॉन फाउसा ऑरवोग यांचा चेहरा पाहा. आदल्याच वर्षी येन्स लिएन यांच्या 'द बॉदरसम मॅन'मध्ये, जिथे सगळे नीटनेटके आहे पण कशालाच चव नाही अशा शहरात अडकलेला माणूस त्यांनी साकारला होता, आणि तिथे तो स्वतःचे बोट कापून घेतो तरी त्याचा काही परिणाम होत नाही. तेच हतबल, टक लावून पाहणारे डोळे या विनोदी चित्रपटातही आहेत, आणि ते डोळे सोय पाहणाऱ्या माणसाचे नाहीत.

ओस्लोकर

नोकरीनिमित्त नॉर्वेत राहतो, म्हणून दोघांच्याही मांडणीत सुटलेली एक गोष्ट नोंदवतो. ही कादंबरी ज्या साली आली, ते १९९३ हे साल इथल्या स्त्रीपुरुष संबंधांच्या इतिहासात लक्षात राहणारे आहे. त्या वर्षीच्या निवडणुकीत तीन प्रमुख पक्षांकडून पंतप्रधानपदासाठी पुढे आलेल्या तिन्ही उमेदवार स्त्रिया होत्या आणि ग्रू हार्लेम ब्रुंटलान यांनी सत्ता राखली. त्याच वर्षी पालकत्व रजेतले चार आठवडे फक्त वडिलांसाठी राखून ठेवण्यात आले. त्यांनी ते घेतले नाहीत, तर ते आईला न मिळता वाया जात. म्हणजे घरात पुरुषाने काय करावे हे सरकार कायद्याने सांगू लागले, त्याच सुमारास घरात काय करावे हे अजिबात न उमगणारा एक नायक कादंबरीत अवतरला. चित्रपट आला तेव्हा बड्या कंपन्यांच्या संचालक मंडळांत किमान ४० टक्के स्त्रिया हव्यात या नियमाच्या पूर्ततेची मुदत तोंडावर आली होती.

यावरून हा चित्रपट स्त्रियांच्या सत्तेची भीती दाखवतो, असा निष्कर्ष काढणे मात्र मला पटत नाही. नायकाला मारियानची भीती वाटत नाही. जुनी कुटुंबप्रमुखाची भूमिका त्याच्याकडे नाही, नवी त्याने शिकलेली नाही, आणि ग्लेनसारखा बोलघेवडा माणूसच त्याला गुरू म्हणून लाभतो.

रेवती

नॉर्वे म्हटले की नाटककार इब्सेन येणारच, म्हणून मीच आणते. १८७९ मधील 'अ डॉल्स हाउस'मध्ये नोरा घर सोडते, आणि मो. ग. रांगणेकरांच्या १९४२ मधील 'कुलवधू'मुळे तो प्रश्न मराठी रंगभूमीवरही पोहोचला. नोराच्या जाण्याला अर्थ मिळतो, कारण तिला बाहुलीसारखे वागवणारा, आपल्या प्रतिष्ठेला जपणारा नवरा समोर आहे; भांडायला कोणीतरी आहे. मारियान जाते तेव्हा तिने कोणाशी भांडायचे? तिला अडवणारे कोणी नव्हते, तसे तिच्या बाजूने उभे राहणारेही कोणी नव्हते. ओस्लोकरांनी दिलेला सामाजिक तपशील महत्त्वाचा आहे, तरी त्यात नायकाला परिस्थितीचे पांघरूण मिळते असे वाटते. त्याच परिस्थितीत मारियानही वाढली आहे, आणि तिने निदान काहीतरी मागितले.

उदय, आपला उलटापालटीचा प्रश्न मला टाळायचा नाही. न विचारता घरात शिरणे चूकच. फक्त एवढेच विचारते की ती गेल्यानंतर घर पुन्हा एकट्याच्या ताब्यात आल्यावर त्याला सुटल्यासारखे का वाटत नाही?

उदय

कारण सवय लागली होती, रेवती. ज्याच्या वतीने सतत दुसऱ्यानेच ठरवले, त्याला एकटेपण पेलत नाही, आणि याच कारणाने मला त्याचे प्रेम संशयास्पद वाटते. ती गेल्यावर तो झुरतो, हे त्याच्या आधीच्या मुकाट्याने केलेल्या स्वीकाराचे समर्थन होऊ शकत नाही.

मंदार

प्रेम संशयास्पद आहे, यावर आपले एकमत झाले तर वाद निम्मा मिटतो. पण मग त्याला पीडित कसे म्हणणार? तिच्याविना त्याचे भागत नाही, ही माहिती त्याच्याकडे होती आणि ती त्याने तिला कधीच दिली नाही. ती बिचारी पूर्ण वेळ अंदाजाने वागत राहिली. तलावावरच्या ग्लेनला जेवढे कळले, तेवढे जरी तिला कळले असते, तरी तिच्या वागण्याला आपण दांडगाई म्हटले असते का, याचे उत्तर मला उदय यांच्याकडून हवे आहे.

उदय

म्हटले असते. तिने विचारले असते तर तिलाही कळले असते.