पाचगणीची लोकसंख्या: कोणता आकडा धरायचा?

पाचगणीची लोकसंख्या कोणी तेरा हजार सांगतं, कोणी सत्तर हजारांच्या वर, असा प्रश्न आलाय. सत्तर हजारांचा आकडा गावाचा नाहीच, तो अख्ख्या महाबळेश्वर तालुक्याचा आहे. नगरपरिषद हद्दीत 2001 च्या जनगणनेत 13,280 माणसं होती.

गावाची जडणघडण ब्रिटिश काळातली. ब्रिटिश अधीक्षक जॉन चेसनने 1860 च्या दशकात दांडेघर, गोडवली, आंब्रळ, खिंगर आणि तायघाट यांच्या मधल्या पठारावर वस्ती वसवली, सिल्व्हर ओक लावले. महाबळेश्वरला पावसाळ्यात राहणं अवघड. पाचगणी थोडी पूर्वेला असल्याने पाऊस बराच कमी, म्हणून वस्ती बारमाही टिकली. निवासी शाळा इथेच वाढल्या, त्याचं मला हेच मोठं कारण वाटतं.

आकडे वाचताना खरी गफलत इथेच होते. गणना फेब्रुवारीत होते, तेव्हा शाळा चालू असतात. वसतिगृहातली मुलं 'संस्थात्मक कुटुंब' म्हणून गावातच मोजली जातात, त्यामुळे शाळकरी वयाचा गट फुगतो आणि साक्षरताही चढी दिसते. लॉजवर दोन दिवस उतरलेला पर्यटक मात्र गावच्या लोकसंख्येत येत नाही. म्हणून पाणी-कचऱ्याचं नियोजन निव्वळ जनगणनेवर करू नये, मे महिन्यात ते कोलमडणारच. जुन्या आकड्यांशी तुलना करायची तर जिल्हा जनगणना पुस्तिकेत आधी हद्द तपासा, मग नगरपरिषदेची ओळ घ्या. गोडवली, खिंगर वेगळ्या ग्रामपंचायती आहेत, त्या त्यात मिसळू नका.