मदत हवी: वेल्डिंगच्या धुरातलं क्रोमियम कसं मोजून घ्यावं? (जळगाव)

नमस्कार मंडळी. जळगाव एमआयडीसीत माझी फॅब्रिकेशनची शेड आहे. माझ्यासकट पाच वेल्डर. आधी डाळ मिलची कामं, म्हणजे साधं लोखंड. दोन वर्षांपासून दुधाच्या टाक्या करतो. म्हणजे दिवसभर एसएस (स्टेनलेस स्टील) 304 चा पत्रा आणि 308 चा वेल्डिंग रॉड.

आमच्या एका पोराच्या नाकातून हल्ली खपल्या निघतात, मधूनच रक्त येतं. डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला, नॉर्मल आला. "धूळ टाळा" म्हणाले. धूळ कसली, ते विचारलंच नाही. एसएसच्या धुरात निकेल आणि हेक्झाव्हॅलंट क्रोमियम (म्हणजे क्रोमियम-6, त्याचं विषारी रूप) असतं, आणि हे क्रोमियम नाकाच्या पडद्याला भोक पाडू शकतं, हे मी मागाहून वाचलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 2017 मध्ये वेल्डिंगचा धूर पहिल्या गटात टाकलाय, म्हणजे माणसाला कॅन्सर करणारा हे नक्की.

म्हणून तपासणीवाल्यांना बोलावलं. त्यांनी हवेचा नमुना ओढणारा पंप कूलरशेजारच्या खांबाला टांगला नि चहा पिऊन आले. रिपोर्टात एकूण धूर घनमीटर हवेमागे 5 मिलिग्रॅमच्या आत, खाली सही-शिक्का. अहो, पोरगं टाकीत उकिडवं बसून रॉड जाळतंय आणि पंप कूलरचा वारा खातोय! क्रोमियम हा शब्दसुद्धा रिपोर्टात नाही.

मग काय मोजायला सांगू? लघवीची तपासणी करतात म्हणे, ती केव्हा द्यायची? आमच्याकडे सगळ्यांचं एकच औषध, गूळ-केळी खा. केळीला इथे तोटा नाही, पण नाक काही बरं होत नाही.

प्रतिसाद:
भाऊ, तो रिपोर्ट खांबाचा आहे, वेल्डरचा नाही. पंप कमरेला, फिल्टरची डबी हेल्मेटच्या आत नाकाजवळ, आणि पूर्ण शिफ्टभर. क्रोमियम-6 वेगळं मागा, नाहीतर लॅब एकूण क्रोमियम काढून देते. लघवी सुटीच्या आदल्या दिवशी, शिफ्ट संपल्यावर. आधी हात धुऊन कपडे बदलायला लावा; बाहीवरची धूळ बाटलीत पडली की आकडा फुगतो. एमएसच्या (साध्या लोखंडाच्या) कामात मँगनीजची भीती, पण ते रक्तात नीट सापडत नाही, तिथे हवाच मोजा. जमेल तिथे टिग (आर्गॉन वायूचं वेल्डिंग) वापरा, धूर खूप कमी होतो. टाकीच्या आत धूर ओढणारा पाइप सोडा, नुसता पंखा तोच धूर आतल्या आत फिरवतो. आणि पोराला आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे न्या, कोणत्या रॉडवर काम करतो ते चिठ्ठीवर लिहून.

धागाकर्ता:
आभारी आहे भाऊ. चिठ्ठी लिहिली. पण पोरगं यायला तयार नाही. तुळशीच्या लग्नानंतर त्याचं लग्न आहे, "नाकाचं कुठे बोलू नका" म्हणतो. कुणी असं माणूस समजावून नेलंय का?