काकांच्या जुन्या निकॉन लेन्स ब्लॅकमॅजिकवर लावू का? बजेट ३० हजार

होडीवाला: नमस्कार मंडळी. मालवणात एक शॉर्टफिल्म करतोय. कॅमेरा मित्राचा आहे, ब्लॅकमॅजिक पॉकेट ६के, प्रो नव्हे, साधाच. ईएफ माउंट, म्हणजे कॅननच्या लेन्स थेट बसतात. काकांचा फोटो स्टुडिओ बंद झाला तेव्हा कपाटातल्या तीन निकॉन लेन्स त्यांनी मला दिल्या: २८ एफ २.८, ५० एफ १.८ आणि १०५ एफ २.५. तिन्ही एआय-एस, मॅन्युअल, अ‍ॅपर्चर रिंगवाल्या. अडॅप्टर घेऊन याच वापरू, की विकून एखादी सिने लेन्स घेऊ? फिल्टरसकट सगळं ३० हजारांत बसवायचंय. अर्धं शूट होडीत आहे. कृपया ३० च्या आतलंच सुचवा.

फुलफ्रेमराव: सिग्मा १८-३५ एफ १.८. डोळे झाकून घ्या. माझ्याकडे आहे, दुसरी लेन्स बॅगेतून बाहेर निघत नाही.

होडीवाला: दादा, ती ३० त नाही बसत.

फुलफ्रेमराव: वापरलेली बघा. बजेट थोडं ताणा. लेन्स रोज थोडीच घेतो आपण?

काचवेडा: बजेट ताणायची गरज नाही. काकांनी दिलंय ते सोनं आहे, विकू नका. निकॉन एफ माउंटचं फ्लॅन्ज अंतर, म्हणजे माउंटपासून सेन्सरपर्यंतचं, ४६.५ मिमी, ईएफचं ४४. मधल्या अडीच मिमीत काच नसलेला साधा अडॅप्टर बसतो. स्वस्तातले अडॅप्टर मुद्दाम किंचित पातळ केलेले असतात, म्हणजे इन्फिनिटी (अगदी दूरचा फोकस) नक्की गाठावी. मग रिंगवर आकडे एक सांगतात आणि फोकस भलतीकडेच. वाइड लेन्सवर हा घोळ जास्त जाणवतो. तपासायचं असं: २८ लावा, २.८ वर उघडी ठेवा, किनाऱ्यावरून सिंधुदुर्गाच्या तटबंदीवर फोकस करा आणि रिंग कुठे थांबली ते बघा. इन्फिनिटीच्या खुणेच्या बरीच अलीकडे थांबली तर अडॅप्टर परत करा.

आणखी एक. तुमच्या तिन्ही लेन्सना पुढे ५२ मिमीचेच आटे आहेत. ५२ ते ७७ ची एक स्टेप-अप रिंग घ्या, फिल्टर एकच पुरेल.

आबा_नाशिककर: जुनं काच ते जुनंच. आम्ही लग्नं काढायचो तेव्हा १०५ वर नवरीचा फोटो काढला की पुढची चार लग्नं त्या फोटोवर यायची. आजकालच्या पोरांना ऑटोफोकसशिवाय शिंकता येत नाही.

रीळमास्टर: कॅननच्या जुन्या एफडी लेन्स पण बघा की. त्याही मॅन्युअल, शिवाय स्वस्त पडतात. मी सोनीवर वापरतो, मस्त चालतात.

काचवेडा: @रीळमास्टर, सोनी ई-माउंटचं अंतर १८ मिमी, म्हणून तुमच्याकडे चालतात. एफडीचं ४२ आणि यांच्या कॅमेऱ्याचं ४४. लेन्स सेन्सरच्या हवी तितकी जवळच जाऊ शकत नाही, मग इन्फिनिटी मिळणार कुठून? मध्ये काचवाला अडॅप्टर टाकला तर जमतं, पण मग लेन्सची मजा गेली.

रीळमास्टर: माझ्याकडे चालतात एवढंच म्हणालो.

क्लॅपर_अंधेरी: मी असिस्टंट म्हणून काम करतो, स्पष्टच सांगतो. स्टिल लेन्सवर फोकस पुलिंग (शॉट चालू असताना फोकस हलवणं) म्हणजे वैताग. निकॉनची रिंग सिने लेन्सच्या उलटी फिरते. ज्याचा हात सवयीचा आहे तो हमखास चुकणार. फॉलो फोकस (फोकस रिंग फिरवायचं गिअरचं चाक) घ्यायचाच तर दिशा उलटवता येणारा घ्या. लेन्सला ०.८ मॉड्युलची गिअर रिंग लागेल, ती रबराची घेऊ नका, घसरते. खरं तर अंधेरीतून सिने लेन्सचा सेट भाड्याने घ्या आणि मोकळे व्हा.

होडीवाला: अंधेरी ते मालवण सेट आणायचा, डिपॉझिट भरायचं, आणि तो होडीत न्यायचा? खाऱ्या पाण्यात एक लेन्स गेली तर घर विकावं लागेल.

निशिगंधा_प: क्लॅपर_अंधेरी यांच्याशी सहमत. भाड्याने घ्या.

फुलफ्रेमराव: किंवा सिग्मा.

सुतारपक्षी: क्लिक काढून घ्या. अ‍ॅपर्चर रिंग टक टक करत थांबते, शॉट चालू असताना एक्स्पोजर बदललं तर पायऱ्या दिसतात आणि आवाजही टेपवर येतो. आत एक पातळ पट्टी असते, ती काढली की रिंग गुळगुळीत फिरते. घरी करणार असाल तर एक लक्षात ठेवा, मागच्या माउंटचे स्क्रू जपानी जेआयएस पद्धतीचे आहेत. दिसतात साध्या फिलिप्ससारखे, पण नेहमीचा पेचकस घातला की डोकी सोलून निघतात. एका दुकानदाराने माझ्या ३५ ची तीच गत केली आणि वर मलाच सुनावलं की स्क्रू आधीपासून गेलेले होते.

प्रकाशवर्ष: एफ आणि टी मधला फरक कुणीच सांगितला नाही. एफ नंबर म्हणजे फोकल लेंग्थ भागिले भोक. काचेत किती प्रकाश खाल्ला गेला ते त्यात धरलेलं नसतं, टी मध्ये असतं. तीन लेन्स एकाच सीनमध्ये वापरणार असाल तर सगळ्या एफ ४ वर ठेवूनही शॉट कमी-जास्त उजळ दिसतील.

काचवेडा: मोजक्या काचांच्या प्राइममध्ये (झूम नसलेल्या लेन्समध्ये) फरक फार नसतो. ग्रे कार्ड धरा, फॉल्स कलर (एक्स्पोजर रंगांत दाखवणारी सोय) लावा, जुळवून घ्या.

प्रकाशवर्ष: "फार नसतो" ही शास्त्रीय भाषा नव्हे.

काचवेडा: शॉर्टफिल्म आहे साहेब, प्रयोगशाळा नव्हे. हलके घ्या.

देवगडकर: गाववाल्या, पहिलं काम टॉर्चचं. मोबाइलचा दिवा मागून लेन्समध्ये मार आणि पुढून तिरकं बघ. कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर बुरशी. आपल्याकडच्या पावसाळ्यात कपाटात ठेवलेली लेन्स धड राहिली तर नशीब. माझी ८५ अशीच गेली, काचेवरचं कोटिंगच खाल्लं.

आबा_नाशिककर: आमच्याकडे कोरडी हवा. तीस वर्षांच्या लेन्स अजून स्वच्छ.

देवगडकर: आबा, तुमका काय, तुमच्याकडे पाऊस पाहुण्यासारखो येता. आमच्याकडे तो घरजावई.

निशिगंधा_प: ड्राय कॅबिनेट घ्या, ४०-५० टक्के आर्द्रता ठेवा. ते परवडत नसेल तर घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेल. तांदूळ नको, पीठ उडतं.

होडीवाला: टॉर्च मारून बघितला. ५० मध्ये कडेला जाळं दिसतंय. २८ आणि १०५ स्वच्छ आहेत.

देवगडकर: ५० बाकीच्यांपासून लांब ठेव. आजच.

प्रकाशवर्ष: एनडीबद्दल (प्रकाश कमी करणाऱ्या काळसर फिल्टरबद्दल) बोला कुणीतरी. या मॉडेलमध्ये आत एनडी नाही, ते २०२१ च्या ६के प्रोमध्ये आलं. आयएसओ ४००, शटर १/५०, भर उन्हात: एफ ८ ला पाच स्टॉप (दर स्टॉपला प्रकाश निम्मा) एनडी, एफ २.८ ला आठ. समुद्राची चमक वेगळीच. एवढं जड एनडी लावलं की इन्फ्रारेड घुसतं आणि काळं कापड तांबूस दिसतं, म्हणून आयआर रोखणारंच घ्या. व्हेरिएबल स्वस्तातलं घेतलंत तर वाइडवर आकाशात मोठी फुली उमटेल. आणि घरातला सीन दिव्यांवर असेल तर २४ फ्रेमला शटर १७२.८ अंश, म्हणजे १/५०, ठेवा, आपल्या ५० हर्ट्झच्या विजेत लपलप होत नाही.

क्लॅपर_अंधेरी: या धाग्यातला पहिला कामाचा प्रतिसाद.

काचवेडा: माझा अडॅप्टरचा प्रतिसाद वाचलात का?

रीळमास्टर: अवांतर: २०२४ मध्ये निकॉनने रेड ही सिने कॅमेऱ्यांची कंपनीच विकत घेतली. जुनी निकॉन काच आता आणखी महाग होणार बघा.

हेलिओसप्रेमी: कुणीच कसं म्हणालं नाही? हेलिओस ४४-२! ५८ एफ २, एम४२ माउंट, ईएफवर आरामात बसते. अ‍ॅपर्चरला क्लिक नाहीतच. मागचं बोके (धूसर पार्श्वभूमी) गरगर फिरतं. बुरशीवाल्या ५० च्या जागी हीच.

निशिगंधा_प: गरगर फिरणारं बोके आणि होडी. प्रेक्षकांना उलट्या.

होडीवाला: सगळ्यांचे आभार, बरंच कळलं. शेवटी वापरलेली कॅनन १८-५५ आयएस एसटीएम घेतली. होडीत दोन टेस्ट शॉट काढले. एक २८ निकॉनवर, एक हिच्यावर. या कॅमेऱ्याच्या सेन्सरला थरथर सावरायची सोय नाही, त्यामुळे निकॉनवर क्षितिज सारखं थरथरत होतं. हिच्यावर आयएस (लेन्समधलं थरथर सावरणारं तंत्र) चालू केलं तर बघण्याजोगं झालं. १८ वर, एफ ८ ला, दोन मीटरवर फोकस ठेवला की साधारण एक मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं धारदार येतं, मग होडीत फोकस पुलर हवाच कशाला? पाच स्टॉपचं ७७ चं आयआर एनडी घेतलं आणि ५८ ची स्टेप-अप. १०५ फक्त किनाऱ्यावरच्या एका सीनसाठी, ट्रायपॉडवर. अडॅप्टर काचवेड्यांनी सांगितल्याप्रमाणे तटबंदीवर तपासला. पहिला परत केला, दुसरा बरा निघाला.

फुलफ्रेमराव: कॅमेऱ्याबरोबर येणारी किट लेन्स?!

क्लॅपर_अंधेरी: एसटीएमची फोकस रिंग काचेला थेट जोडलेली नसते, मोटारीमार्फत चालते, तिला ना टोक ना खूण. किनाऱ्यावर चालत येणाऱ्या माणसावर फोकस कसा ओढणार?

होडीवाला: तो चालत येत नाही. बसलेला आहे.

आबा_नाशिककर: मग एवढे प्रतिसाद घेतलेत कशाला?

हेलिओसप्रेमी: बुरशीवाली ५० विकणार असाल तर व्यक्तिगत निरोप करा. साफ करून घेईन.

देवगडकर: @हेलिओसप्रेमी, आधी मी विचारणार होतो.