पालं उठवली की चोऱ्या थांबतात म्हणे

सातबारा:
काल इथं एकानं लिहिलं, "गावाबाहेरची पारध्यांची पालं उठवा, पोलिसांना मोकळा हात द्या, महिन्यात घरफोड्या बंद." खाली शाबासक्यांची रांग. उत्तर लांबलं म्हणून वेगळा धागा काढतोय.

मोकळा हात महाराष्ट्रानं पाहिलाय. 2003 चा दरोडा, एकाच घरात पाच खून, बलात्कार. वाचलेल्या बाईनं पोलिसांच्याच अल्बममधून चार सराईत ओळखले. त्या चौघांवर आरोपपत्रच नाही! उचलले कोण, तर भटक्या जमातीतले सहा गरीब मजूर. 2009 ला सर्वोच्च न्यायालयानं सहाही जणांना फाशी ठरवली आणि 2019 ला त्याच न्यायालयानं सहाही निर्दोष सोडले. सोळा वर्षं आत. एक तर घटनेच्या वेळी अल्पवयीन होता. भरपाई प्रत्येकी 5 लाख. आणि ते चौघे? विचारा कुणाला तरी.

घाटावरचा:
एका केसवरून अख्खं खातं बदनाम करायचं? माझ्या मामीचं डोरलं ओढून नेलं, कानातलं हिसकताना पाळी फाटली. सापडले ते पालावरचेच. पोलीस काय ज्योतिषी आहेत? रेकॉर्ड असेल तिथंच जाणार ना. एसीत बसून कळवळा सोपा असतो.

खडू_फळा:
एसी नाही हो, पत्र्याची शाळा आहे आमची. दहावीच्या पेपरच्या आदल्या रात्री माझ्या वर्गातला पारध्याचा पोरगा उचलला. शेजारच्या गावात मोटरसायकल गेली होती. पेपर बुडाल्यावर सोडला. एफआयआर नाही, डायरीत नोंद नाही, म्हणजे कागदावर तो कधी आतच नव्हता. तुमचं 'रेकॉर्ड' असं तयार होतं. 1871 च्या कायद्यानं जमातच गुन्हेगार ठरवली, 31 ऑगस्ट 1952 ला तो रद्द झाला, तर 1959 ला मुंबई राज्यानं सराईत गुन्हेगारांचा कायदा आणून ठेवला. बापाचं नाव वहीत म्हणून पोराला हाक.

लाईनीतला:
माझे वडील हवालदार होते. गणपतीचा बंदोबस्त उरकून घरी आले की बूट न काढता झोपायचे. क्राइम मीटिंगला साहेब एकच विचारतात, डिटेक्शन किती, म्हणजे किती गुन्हे उघडकीस आणले? पुरावा कसा गोळा केला हे कुणी विचारत नाही. मग माणूस सोपं गिऱ्हाईक शोधतो. समर्थन करत नाहीये, पण शिव्या फक्त शिपायाला का?

सोनेरी_तराजू:
विषय निघालाच आहे तर आमचंही ऐका. तीन पिढ्यांचं दुकान आहे. पोलीस कुठल्यातरी पारध्याला बेड्या घालून आणतात, "यानं इथंच विकलं" म्हणतात, तो मान डोलावतो. मी त्याला जन्मात पाहिलेलं नसतं! तरी चोरीचा माल घेतल्याचं कलम 411 लावू म्हणून दम, आणि तीन तोळे 'रिकव्हरी', म्हणजे चोरीचा जप्त माल म्हणून, काढून द्यायची. तीही माझ्या स्टॉकमधून. सराफाला कुणी वाली आहे का?

घाटावरचा:
अरेरे. विनाबिलाचं सोनं अर्ध्या भावात घेताना नाही का आठवत वाली?

सोनेरी_तराजू:
तोंड सांभाळून. माझी जीएसटीची पावती न् पावती आहे. आणि 411 नाही आता, नव्या न्याय संहितेत 317 म्हणतात. छळ तोच.

लाईनीतला:
सगळे सराफ धुतल्या तांदळाचे नसतात, हे वडिलांनी पाहिलंय. पण साहेबांना आकडा भरून द्यायला स्टॉकमधलं सोनं काढून घेतात हेही खरं आहे. झालं समाधान?

सातबारा:
थांबा, तराजूशेठ. सोनं तुमचं होतं, चोरीचं नव्हतं. मग मान डोलावणारा तो पारधी कशाचा चोर? तुम्ही काल त्याच पोस्टखाली "अगदी बरोबर" लिहिलंय.

सोनेरी_तराजू:
…त्या एका वेळेपुरतं मान्य. बाकीचे असतीलही चोर.

घाटावरचा:
वा, क्रांती झाली. आता पालावर जाऊन सत्कार करून या.

खडू_फळा:
2020 ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय, प्रत्येक ठाण्यात आवाजासकट कॅमेरे, फुटेज 18 महिने ठेवायचं. तुमच्या दुकानातही कॅमेरा असेलच. दोन्ही घेऊन पोलीस तक्रार प्राधिकरणाकडे जा. त्याच न्यायालयाच्या 2006 च्या आदेशातलं प्राधिकरण आपल्या सरकारनं कायद्यात घालायला 2014 उजाडलं, पण आहे. पालावरचा माणूस गेला तर त्यालाच परत उचलतील. तुम्ही कर भरता, पावत्या आहेत, तुम्हाला निदान खुर्ची देतील.

सोनेरी_तराजू:
आणि पुढच्या महिन्यात आणखी एक बेडीवाला दुकानात आणला तर तुम्ही बसणार का गल्ल्यावर?

सातबारा:
बसतो. ठाणं कुठलं आणि महिना कुठला, तेवढं सांगा. फुटेज पुसलं गेलं की दोघंही गेलात, तुम्ही आणि तो.

सोनेरी_तराजू:
व्यनि (खासगी निरोप) करतो. इथं नको, खात्यातले वाचतात.